आतून मोजलेले खण

ठेकेदाराचा मुकादम सकाळी साडेआठला टकटकबाईंच्या दारात येऊन उभा राहिला, तो हसतच. गल्लीच्या तोंडाशी त्याचा टेंपो थांबला होता आणि टेंपोत सिमेंटची पोती रचलेली होती. टाकीचं काम आटपलं, सामान परत चाललंय, जाता जाता बाईंना भेटावं म्हणून आलो, असं तो म्हणाला. चहा घेतला, बशी पुसल्यासारखी रिकामी केली आणि खाली ठेवत म्हणाला, "बाई, तुमची भिंत फार गुणाची निघाली. चाळीस पोती मागवली होती, अकरातच भागलं. आणि तेही दुपारभर सावलीत बसून. असं काम रोज मिळालं तर मी रिटायरच होणार नाही."

बाईंनी बरं झालं म्हटलं, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, स्वतःच्या गुडघ्याची हकिगत सांगितली. टेंपो गेला. कपबशी उचलून त्या मोरीपाशी गेल्या आणि ती हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

अकरा पोती.

टाकी म्हणजे गल्लीच्या डोक्यावर, टेकाडावर बसलेली काँक्रीटची गोल टाकी. बाई लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हाही ती होतीच, आणि तेव्हाही लोक तिला जुनी टाकीच म्हणत. तिच्या भिंतीला दर पाच हातांवर एक उभी बरगडी आहे, आतून आणि बाहेरूनही. दोन बरगड्यांमधली जागा म्हणजे एक खण. असे चोवीस खण. एवढ्या वर्षांत भिंतीच्या पोटातल्या सळ्या गंजल्या, फुगल्या, आणि काँक्रीट मधल्यामध्ये सुटून आलं. वरून भिंत धडधाकट, आत पोकळ. अशी पोकळी डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकावी लागते. लांब दांड्याची छोटी हातोडी घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जायचं. चांगली भिंत खणखणीत बोलते, पोकळ भिंत बद्द वाजते. आणि या दोन आवाजांच्या मध्ये आणखी दहा-पंधरा आवाज असतात, ते ज्याला कळतात तो ठोक्या.

बाई ठोक्या झाल्या त्या केवळ अंगाने बारीक म्हणून. त्या काळी टाकीत उतरायचं भोक असं होतं की पाणीखात्यातला एक आडदांड गडी त्यात कमरेपाशी अडकला होता आणि त्याला वर ओढायला तासभर लागला होता. ती गोष्ट पुढे वीस वर्षं प्रत्येक निरोप समारंभात सांगितली जायची आणि दर वेळी त्याचं पोट थोडं वाढायचं. मग गाळ काढायला बायका घेतल्या, त्यात या होत्या. गाळ काढता काढता खात्याच्या म्हाताऱ्या ठोक्याने, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, एकदा सहज विचारलं की बाई, हा ठोका आणि हा ठोका, फरक कळतो का. बाईंनी फरक तर सांगितलाच, वर तिसऱ्या एका जागी न विचारता बोट ठेवलं. त्या दिवसापासून त्यांच्या हातात फावड्याऐवजी हातोडी आली आणि चौतीस वर्षं राहिली. शहरातली एकही टाकी अशी नव्हती जिच्या पोटात उभं राहून त्यांनी तिची टकटक ऐकली नव्हती.

रिटायर झाल्यावर मात्र कोणी विचारलं नाही. आठ वर्षं त्या घरात बसल्या. आणि मग या वर्षी, आपल्या सुनेमुळे, पुन्हा आत उतरल्या.

सून खात्यात इंजिनियर. लग्नाआधीपासूनची. मुलाने तिला घरी आणलं तेव्हा बाईंना पहिला आनंद हा झाला होता की आता घरात टाक्यांबद्दल बोलायला कोणीतरी मिळालं. मुलगा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा घरात या दोघीच, आणि दोघींच्या मध्ये टाक्या. सुनेला आजवर टेबलावरचीच कामं मिळाली होती. आराखडे काढ, आकडे तपास, साहेबांच्या सह्या घे. जुनी टाकी दुरुस्तीला निघाली तेव्हा तिने साहेबांच्या मागे लागून ती आपल्याकडे घेतली. ऑफिसात थट्टा झाली. सासू टाकीत, सून टाकीवर, आता सासरा पाइपात घाला, असं कोणीसं म्हणालं. सासरे वारून बारा वर्षं झाली होती हे त्याला माहीत नसावं. सुनेने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तीन महिन्यांपूर्वी टाकी रिकामी केली. बाई हेल्मेट घालून, कमरेला दोर बांधून आत उतरल्या, चार दिवस ठोकत राहिल्या आणि खिशातल्या वहीत लिहीत गेल्या. त्यावरून सुनेने अहवाल केला. आतून भिंतीला नवा लेप दिला. पोकळ खणांना बाहेरून भोकं पाडून, दाबाने पातळ सिमेंट भरायचं ठरलं. मुकादमाची माणसं त्याला भिंतीला इंजेक्शन देणं म्हणत. काम चालू असताना ठेकेदाराच्या आवारात बाहेरच्यांना मज्जाव होता, आणि बाई आता बाहेरच्याच होत्या, म्हणून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. आज साडेनऊला टाकीत पाणी सोडायचं होतं. तीन महिने टँकरच्या पाण्यावर काढलेली सगळी वस्ती साडेनऊकडे डोळे लावून होती.

आणि भिंत अकरा पोत्यांतच तृप्त झाली होती.

पोकळ भिंत पिते. चार पोती लागतील म्हणून सांगावं आणि तिने सहा पिऊन आणखी मागावीत, हे बाईंनी कितीदा पाहिलं होतं. कमी प्यालेली भिंत मात्र एकही आठवेना. म्हणजे मग कान गेला, दुसरं काय. आठ वर्षांत कान गेला आणि आपण चांगल्या भिंतीला पोकळ म्हणून बसलो. बाईंनी कपबशी मोरीत ठेवली, चमचा उचलला आणि स्वयंपाकघराची भिंत ठोकायला सुरुवात केली. मग ओट्याची फरशी. मग न्हाणीतली. शेजारीण खिडकीतून म्हणाली की बाई, खिळा मारायचा असेल तर माझा भाऊ आलाय, त्याला पाठवते. नको गं, म्हणत बाई पुढच्या खोलीत गेल्या. दाराजवळची फरशी बद्द वाजली. ती मुलाने स्वतः हौसेने बसवली होती. कान ठीक होता.

मग काय. त्या खाटेवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. वही काढली. शिडीपासून उजवीकडे, एक ते चार ठीक. पाच, सहा, सात पोकळ, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. आठ ठीक. त्यांचंच अक्षर. पाच-सहा-सात त्यांना चांगले आठवत होते. दुपारी त्या खणांवर डाव्या हाताचा तळवा टेकून त्या ठोकत होत्या, आणि अंधारात, त्या गार पोटात, तेवढीच भिंत कोमट लागत होती. बाहेर मावळतीचं ऊन तिच्यावर पडलेलं असणार. गुडघ्याला बरं वाटतं म्हणून त्या थोडा वेळ पाठ टेकून उभ्यासुद्धा राहिल्या होत्या.

आणि मुकादम म्हणाला, दुपारभर सावलीत.

बाई उठल्या. न्हाणीत कपडे भिजवायचा मोठा गोल टब होता, तो पुढच्या खोलीत आणला. दोरीवरचा एक चिमटा काढून टबाच्या काठाला लावला. ही शिडी. टबात बोट घातलं, चिमट्यापाशी आतल्या बाजूला टेकवलं आणि आत उभं राहून भिंतीकडे तोंड केल्यासारखं मनात धरून उजवीकडे नेलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बोट खिडकीच्या बाजूला आलं. मग त्यांनी टब जागचा न हलवता त्याच्या बाहेरच्या बाजूने, चिमट्यासमोर बसून, भिंतीकडे तोंड करून, पुन्हा उजवीकडे मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बोट दाराच्या बाजूला आलं. बरोबर उलट्या बाजूला.

आत उभ्या असलेल्याची उजवी बाजू आणि बाहेर उभ्या असलेल्याची उजवी बाजू एक नसते. हे काय त्यांना माहीत नव्हतं? वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की आकडा लिहायच्या आधी आतून की बाहेरून ते लिहायचं, मगच आकडा. बाईंनी स्वतः पुढे किती जणांना ते घोकून घ्यायला लावलं होतं. पण त्या काळी ठोक्या आणि गवंडी एकत्रच आत उतरत. भिंतीवर खडूने गोल काढला की गवंडी तिथेच छिन्नी लावून फोडायला घ्यायचा. वहीची गरजच फारशी पडत नसे. वर्षानुवर्षं आतच काम केल्यावर बाईंच्या डोक्यात आतून हा शब्द उरलाच नव्हता. टाकी म्हणजे आतूनच. त्यांनी लिहिलं उजवीकडे, सुनेने टाइप केलं उजवीकडे, मुकादमाने बाहेर उभं राहून मोजलं उजवीकडे. कोणीच खोटं बोललं नव्हतं. चांगल्या तीन खणांना भोकं पाडून इंजेक्शनं दिली गेली आणि आजारी तीन खण तसेच राहिले. आतल्या खडूच्या खुणा तर नव्या लेपाखाली कधीच झाकल्या गेल्या होत्या.

ते आजारी खण उताराच्या बाजूचे. त्यांच्या खाली धुलाईचं दुकान आणि चार बिऱ्हाडं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ वाजले होते.

बाईंनी फोन उचलला. सुनेचा नंबर पहिलाच होता, नुसतं बोट टेकवायचं. त्यांनी फोन खाली ठेवला. टब उचलून न्हाणीत ठेवला. चिमटा दोरीला लावला, तो सुटून पडला, पुन्हा लावला. सुनेचं पहिलं काम. साहेब स्वतः आज टाकीवर येणार होते. काल संध्याकाळी सून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवत सांगत होती की हे नीट पार पडलं की पूर्व भागातल्या सगळ्या टाक्या तिच्याकडे, नाहीतर पुन्हा टेबल. सासूला ठोकायला आणली म्हणून जे दात काढत होते ते आता काय म्हणतील? आणि सासू? तिला पुन्हा कोण टाकीत उतरू देईल? हा दुसरा विचार पहिल्याच्या मागोमाग आला की आधीच येऊन बसला होता, हे बाईंना पुढे कधी धड सांगता आलं नाही.

मग त्यांनी मनाला समजवायला घेतलं. इतकी वर्षं उभी आहे, आज थोडीच बसणार आहे. दुरुस्तीच्या आधीही हे खण पोकळच होते आणि टाकी भरलेलीच होती. पण ते खरं नव्हतं हे त्यांनाच माहीत होतं. आधी टाकी अर्ध्याच्या वर भरत नसत. आता दुरुस्त झाली म्हणून काठोकाठ भरणार होते.

त्यांनी चादरी झटकल्या. झटकलेल्या चादरी पुन्हा झटकल्या. वरच्या फळीवरचे डबे खाली काढले आणि का काढले ते न आठवून परत वर ठेवले. पायांना भिंगरी लागली होती आणि घर तर अडीच खोल्यांचं. साडेनऊ वाजून गेले. गल्लीखालून जाणाऱ्या मोठ्या पाइपातून घरघर सुरू झाली, जमिनीतून ती तळपायाला कळली. गल्लीत कोणीतरी टाळी वाजवली. दहा वाजता फोन वाजला. सून होती.

"आई, सोडलं पाणी. पाइपाचा आवाज येतोय का घरात?"

"येतोय गं," बाई म्हणाल्या.

सून हसली, साहेब खूश आहेत म्हणाली, आणि फोन ठेवला. तिच्या मागे माणसांचे आवाज होते. बाई फोन कानाला धरून तशाच उभ्या राहिल्या. हीच वेळ होती. बोलायचं म्हटलं असतं तर चार शब्द होते. त्यांच्या जागी येतोय गं एवढंच बाहेर पडलं होतं.

त्यांनी चपला घातल्या. टेकाडाच्या अर्ध्या वाटेवर गेल्या आणि हातोडी राहिली म्हणून परत फिरल्या. हातोडी कशाला हवी होती ते देव जाणे, पण तेवढाच वेळ गेला. घरी येऊन पाणी प्यायल्या, म्हणजे ग्लास भरला आणि तसाच ठेवला. पुन्हा निघाल्या. वाटेत टँकरची रांग लागली होती, आज शेवटची म्हणून बायका थट्टामस्करीत होत्या. एकीने विचारलं की बाई, हातोडी घेऊन कोणाचं डोकं फोडायला निघालात. बाई हसल्या. हसता आलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

टाकीच्या फाटकाशी चावीवाला स्टुलावर बसला होता. चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा-बंद करणारा. त्याची लांब लोखंडी चावी मांडीवर आडवी होती, आणि तो आणि बाई एकाच वर्षी खात्यात लागले होते, फक्त त्याने वय कमी लावलं होतं म्हणून तो अजून नोकरीत होता. त्याने बाईंना पाहून बूड सरकवून स्टुलावर जागा केली. किती झालं, बाईंनी विचारलं. दोन हात चढलं असेल, तो म्हणाला, चिंता नको, मी सावकाश सोडतोय, नव्या नवरीसारखं. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मांडीवरची चावी उभी धरली. सव्वाअकरा झाले होते.

सून शिडीपाशी साहेबांबरोबर उभी होती. निळा शर्ट, हेल्मेटखाली कपाळावर चिकटलेले केस. बाईंना पाहून तिचा चेहरा उजळला. साहेबांना सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी तिचा हात धरून तिला बाजूला ओढलं.

"ते पाच-सहा-सात मी आतून मोजले होते. तुम्ही बाहेरून भरले."

"आई, तुम्ही उजवीकडे लिहिलंत. आम्ही उजवीकडेच मोजलं."

"मी आत होते गं. माझं तोंड बाहेर होतं."

सुनेने टाकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन हातांकडे, मग पुन्हा टाकीकडे. बाईंना वाटलं, हिला टब लागणार नाही. आणि लागला नाही. रंग उतरला तो एकदम, कोणी फडक्याने पुसावा तसा. ती वळली आणि चावीवाल्याला हाताने बंदची खूण केली. चावीवाला आधीच उठून उभा होता.

साहेब काय झालं म्हणून आले. सून त्यांना सांगत असताना बाई उताराच्या बाजूला चालत गेल्या. शिडीपासून बाहेरून डावीकडे. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या खणापाशी थांबल्या, हातोडी उचलली. बद्द. वीतभर पुढे. बद्द. सहाव्यावर ठोकायची गरज पडली नाही. पाणी आत दोन हात चढलं होतं आणि सहाव्या खणाला बाहेरून त्याच उंचीपर्यंत घाम फुटला होता, बारीक, चकचकीत. साहेब मागून येऊन उभे राहिले. त्यांनी बोट लावलं, बोट ओलं झालं, ते त्यांनी रुमालाला पुसलं. मग खाली पाहिलं. धुलाईच्या दुकानाच्या गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

"या बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"तपासणी यांनी केली होती," सून म्हणाली. सासू म्हणाली नाही.

साहेब फार बोलले नाहीत. टाकी रिकामी करा, पुन्हा सगळं तपासा, अहवाल उद्या सकाळी टेबलावर पाहिजे, एवढंच बोलले आणि गाडीत बसले. जाताना त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, आणि सुनेने ते पाहिलं.

चावीवाल्याने तळाचा व्हॉल्व्ह उघडला. तीन महिन्यांनी आलेलं पाणी टेकाडाच्या उतारावरून गटाराच्या दिशेने सुटलं. आधी लोकांना वाटलं पाइप फुटला. मग कळलं की सोडून देताहेत, आणि बादल्या, कॅन, पातेली घेऊन माणसं धावत आली. नव्या लेपाचा वास आहे, पिऊ नका, फक्त धुण्याला घ्या, असं चावीवाला ओरडून सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. मघाशी हातोडीची थट्टा करणारी बाई गुडघाभर ओल्या कपड्यांनी दोन कॅन भरून उभी राहिली आणि आता अजून किती दिवस, म्हणून तिने विचारलं. तीन आठवडे, बाई म्हणाल्या, निदान. मग तिथेच सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की चूक माझी आहे, मोजणीत. कोणीतरी वय झालं म्हणालं. कोणीतरी म्हणालं की वय झालं तर घरात बसावं. त्या कॅनवालीने नुसते कॅन उचलले आणि ती गेली, आणि ते बाईंना जास्त लागलं.

पाणी संपायला दोन तास लागले. तेवढा सगळा वेळ बाई उभ्या राहिल्या. सून आणि मुकादम टाकीभोवती फिरून नव्याने खुणा करत होते. मुकादम अर्ध्या वाटेवरून टेंपो फिरवून परत आला होता आणि सकाळचं हसू त्याच्या तोंडावर नव्हतं. बाईंच्या अंगावरून तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा नजर चुकवली.

संध्याकाळी घरी दोघी जेवल्या. सून उठून हात धुऊन आली आणि टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. बाईंनी भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग त्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

त्यांनी सांगितलं की अहवालात असं लिही की आतून-बाहेरून हा शब्द ठोकणाऱ्या बाईंनी लिहिला नाही. तुझं नाव त्यात येऊ देऊ नको. सून म्हणाली की सही माझी आहे, मीही विचारलं नाही, त्यामुळे दोघींचं येईल. ती टाइप करत राहिली. मध्ये थांबून तिने विचारलं की लेपाला पुन्हा काही करावं लागेल का. बाईंनी त्या तीन खणांपुरता पुन्हा द्यावा लागेल म्हणून सांगितलं. पुन्हा बोटं चालू लागली. मग ती थांबली.

"आई, एक रकाना आहे. चूक लक्षात आल्याची वेळ. पाणी साडेनऊला सोडलं. काय लिहू?"

ती पडद्याकडेच पाहत होती. दहा वाजता आपण कुठे उभ्या होतो आणि फोनवर काय म्हणालो, हे बाईंना आठवलं, आणि सुनेलाही तेच आठवत असणार हेही त्यांना कळलं. सव्वाअकरा म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. टेकाडावर त्या सव्वाअकराला पोचल्या होत्या, चावीवाला साक्षीला होता. बाईंनी टेबलावरचा चमचा उचलला, खाली ठेवला.

"सव्वानऊ," त्या म्हणाल्या.

सुनेची बोटं कळफलकावर तशीच राहिली. पंधरा मिनिटं. एक फोन. एक थेंबही गटारात गेला नसता, साहेबांसमोर व्हॉल्व्ह फिरला नसता, ती स्वतः पुढे होऊन म्हणाली असती की थांबा, एक चूक सापडली आहे. हे सगळं तिच्या तोंडावरून एकामागून एक जाताना बाईंना दिसलं. तुझ्यासाठीच गप्प राहिले, असं म्हणायला जीभ उचलली होती. ती त्यांनी दाताखाली धरली.

"खात्री आहे?" सुनेने विचारलं.

"घड्याळाकडे पाहिलं होतं."

सुनेने लिहिलं. मग बराच वेळ ती ओळ वाचत बसली, जणू तिच्यात आणखी काही मजकूर असावा. बाईंना उठावंसं वाटत होतं, काहीतरी पुसावं, काहीतरी जागच्या जागी ठेवावं, पण त्या उठल्या नाहीत. टेबलाखाली त्यांचे पाय मात्र हलत होते.

"उद्या साडेसातला निघायचंय," सून शेवटी म्हणाली. "चोवीसही खण बाहेरून ठोकायचे आहेत. साहेब नको म्हणतील. मी विचारणार नाही त्यांना." ती थांबली. "आणि आई, मी अजून रागावलेली आहे. उद्याही असेन."

"अस," बाई म्हणाल्या.

सुनेने लॅपटॉप मिटला आणि आत गेली. बाई तशाच बसून राहिल्या. बाहेर गल्लीत टँकर आला होता आणि बादल्यांवरून कोणाचं तरी भांडण जुंपलं होतं. थोड्या वेळाने त्या उठल्या, कोपऱ्यातले दोन रिकामे कॅन घेतले आणि चपला घालून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.